आडवा वारा: कुठली गाडी किती हलते?

क्युपर्टिनो-सनीव्हेलमधलं भाड्याचं घर सोडून ट्रेसी किंवा माउंटन हाउसला स्वतःच्या घरात राहायला जाणारी बरीच मराठी कुटुंबं तुमच्या ओळखीत असतील. अशा वेळी बहुतेक जण मोठा ट्रक भाड्याने घेतात, मित्रांना बोलावतात आणि सामान भरून ६८०, ५८० करत आल्टामाँट खिंड ओलांडतात. जाताना सगळे जपून चालवतात, कारण ट्रक जड असतो. येताना ट्रक रिकामा असतो, संध्याकाळ झालेली असते, ट्रक परत करायची घाई असते आणि "आता काय, रिकामाच तर आहे" असं वाटत असतं.

वाऱ्याच्या दृष्टीने परतीचा हा प्रवास जास्त जोखमीचा आहे. तो का, ते आज साध्या आकडेमोडीतून समजून घेऊ. कार, मिनीव्हॅन, मोटरसायकल आणि सायकल यांचं काय होतं, तेही त्यातूनच कळेल.

इथे एवढा वारा का?

उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाची मधली दरी, म्हणजे सेंट्रल व्हॅली, चाळीस अंशांच्या आसपास तापते. तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि हवेचा दाब कमी होतो. पश्चिमेला पॅसिफिकवरची हवा मात्र थंड आणि जड असते. ती दरीकडे ओढली जाते, पण मध्ये डोंगरांची रांग आडवी येते. मग हवा जिथे फट मिळेल तिथून घुसते. अशा फटींपैकी दोन आपल्या नेहमीच्या वाटेवर आहेत: ५८० वरची आल्टामाँट आणि गिलरॉयहून १५२ ने आय-५ कडे जाताना लागणारी पचेको. पचेको उतरल्यावर लागणाऱ्या सॅन लुईस जलाशयावर नावाड्यांना वाऱ्याची सूचना देणारे दिवे बसवलेले आहेत, यावरून काय ते समजा.

दोन्ही ठिकाणी पवनचक्क्या दिसतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर त्या ज्या कारणासाठी उभ्या आहेत, त्याच कारणासाठी इथेही आहेत. पवनचक्क्यांचं रान दिसलं की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं, हा नियम दोन्ही देशांत चालतो. उन्हाळ्यात हा वारा संध्याकाळी आणि रात्री जोर धरतो, म्हणजे नेमका ट्रक परत आणायच्या वेळी.

वारा किती जोराने ढकलतो?

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर साधारण ६ किलो वजनाएवढा जोर लावतो. २० मीटरचा वारा सुमारे २४ किलोंचा जोर लावतो. २० मीटर म्हणजे ताशी ४५ मैल. राष्ट्रीय हवामान सेवा साधारणपणे ४६ मैलांच्या झोतांना वाऱ्याची सूचना आणि ५८ मैलांच्या झोतांना त्यापुढचा इशारा देते, म्हणजे आपला आकडा अगदी सूचनेच्या उंबरठ्यावरचा आहे.

आता एवढा वारा अंगावर घेऊन वेगवेगळी वाहनं आडवी उभी करू. बाजूचं क्षेत्रफळ आणि वजन ठोकळमानाने धरलं आहे.

- सेडान: बाजू ५ चौरस मीटर, वजन दीड टन. आडवा जोर सुमारे १२० किलो, म्हणजे वजनाच्या ८ टक्के.
- मिनीव्हॅन: बाजू साडेसात चौरस मीटर, वजन दोन टन. जोर १८० किलो, ९ टक्के.
- मोटरसायकल, स्वारासकट: बाजू १.४ चौरस मीटर, वजन ३०० किलो. जोर ३४ किलो, ११ टक्के.
- सायकल, स्वारासकट: बाजू ०.८ चौरस मीटर, वजन ८५ किलो. जोर जवळजवळ २० किलो, २३ टक्के.
- भाड्याचा मोठा ट्रक, भरलेला: बाजू २० चौरस मीटर, वजन ११ टन. जोर ४९० किलो, साडेचार टक्के.
- तोच ट्रक, रिकामा: जोर तेवढाच ४९० किलो, पण वजन ६ टन. ८ टक्के.
- ५३ फुटी ट्रेलरचा फक्त डबा, रिकामा: बाजू ४६ चौरस मीटर, वजन साडेसहा टन. जोर ११०० किलोंच्या वर, १७ टक्के.
- तोच डबा, २० टन माल भरून: ४ टक्के.

वाऱ्याला डब्यात सोफा आहे की हवा आहे हे कळत नाही. तो बाहेरचा पत्रा बघतो आणि तेवढाच जोर लावतो. जमिनीला धरून ठेवणारं वजन मात्र सामानाबरोबर माउंटन हाउसला उतरलेलं असतं.

सरकणं वेगळं, कलंडणं वेगळं

सेडान आणि रिकामा ट्रक, दोन्हींचा आकडा ८ टक्केच आहे. मग ट्रकचीच भीती का? घरातलं उंच कपाट आठवा. ते पायाशी ढकललं तर सरकतं, डोक्याशी ढकललं तर कलंडतं. वारा सेडानला जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर ढकलतो, ट्रकच्या डब्याला सात-साडेसात फुटांवर.

हिशेब केला तर उभी सेडान नुसत्या आडव्या वाऱ्याने उलटवायला ताशी पावणेदोनशे मैलांचा वारा लागेल. आपल्या भाड्याच्या रिकाम्या ट्रकला शंभर मैलांच्या आसपासचा. रिकाम्या ट्रेलरचा डबा मात्र साधारण ७० मैलांच्या वाऱ्यातच एका बाजूची चाकं उचलू शकतो, आणि स्प्रिंगांवर झुकलेला, वळणावरचा डबा त्याच्याही आधी. तोच डबा २० टन माल भरून चौपट जड झाला की त्याला उलटवायला दुप्पट वेगाचा वारा लागतो. पुन्हा तोच वर्गाचा नियम! म्हणून सोसाट्याच्या वाऱ्यात आडवे पडलेले ट्रक बहुधा रिकामे किंवा हलका माल नेणारे असतात.

म्हणजे तुमचा ट्रक ५८० वर बहुधा उलटणार नाही. धोका वेगळाच आहे: तो लेन सोडेल.

अर्ध्या मीटरचा प्रश्न

हायवेची लेन १२ फुटांची, म्हणजे ३.६६ मीटर. सेडान साधारण १.८५ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना ९० सेंटिमीटर मोकळे. डबा अडीच मीटर रुंद, म्हणजे बाजूला जेमतेम ५५ ते ६० सेंटिमीटर.

समजा, झोताने गाडीचं नाक फक्त एक अंश वळवलं. ताशी ६५ मैल म्हणजे सेकंदाला २९ मीटर. तुम्ही भानावर येऊन स्टिअरिंग सावरेपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी अर्धा मीटर बाजूला गेलेली असते. सेडानचं निभावतं. ट्रकची सगळी जागा संपते. ४५ मैलांवर तेच सरकणं ३५ सेंटिमीटर असतं.

वेग कमी केल्याचा आणखी एक फायदा आहे. धावत्या गाडीला लागणारा वारा हा समोरची हवा आणि आडवा वारा यांची बेरीज असतो. अशा तिरक्या वाऱ्याचा आडवा जोर साधारणपणे या एकत्रित वेगाच्या आणि आडव्या वाऱ्याच्या गुणाकाराएवढा वाढतो. १५ मीटरच्या आडव्या वाऱ्यात ६५ वरून ४५ मैलांवर आलात, तर हा जोर पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त कमी होतो.

नाक का वळतं?

धावत्या कारवर आडव्या वाऱ्याचा जोर बरोबर मध्यावर नसतो, पुढच्या भागात जास्त असतो. त्यामुळे गाडी नुसती सरकत नाही, तिचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं. मागे निमुळत्या, गुळगुळीत कारमध्ये हा परिणाम जास्त दिसतो. मिनीव्हॅनची चौकोनी पाठ बाणाच्या पिसांसारखी थोडी मदत करते, पण तिच्यावरचा एकूण जोर मोठा असतो. विजेच्या गाडीची जड बॅटरी तळाशी असल्याने ती उलटायला आणखी अवघड, पण नाक वळायचं तिलाही चुकत नाही. टपावर सामानाची पेटी लावलीत, तर क्षेत्रफळ नेमकं सगळ्यात वर वाढतं.

मोटरसायकलवाला वाऱ्याच्या बाजूला झुकून तोल साधतो. वरच्या ११ टक्क्यांसाठी सुमारे सहा अंश झुकावं लागतं. वारा स्थिर असेल तर हे जमतं. तो एकदम थांबला, तर झुकलेली गाडी त्याच बाजूला जाते.

खरा शत्रू: बदल

मोटरसायकलची ही अडचण सगळ्यांचीच आहे. एकसारखा वारा हाताला सवयीचा होतो, अचानक येणारा किंवा अचानक थांबणारा वारा घात करतो. ट्रकला ओलांडताना हे अगदी स्पष्ट दिसतं. वारा उजवीकडून आहे, तुम्ही स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरलेलं आहे. उजवीकडच्या ट्रकच्या आडोशाला शिरताच वारा गायब, आणि तुमचा हात अजून उजवीकडेच. गाडी ट्रककडे ओढली गेल्यासारखी वाटते. ट्रकच्या पुढे निघताच वारा पुन्हा एकदम आदळतो. डोंगरातली खोदाई संपते तिथे, पुलाच्या सुरुवातीला आणि जलाशयाच्या काठाला नेमकं हेच होतं.

पूल आणि रेल्वेसुद्धा वाऱ्याचा हा हिशेब मांडतात. गोल्डन गेट पूल वाऱ्यामुळे १९५१, १९८२ आणि १९८३ मध्ये बंद ठेवावा लागला होता. १९५१ च्या वादळानंतर त्याला खालून आडवे ताण बसवून मजबुती दिली गेली. आपल्या कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या सुमारे ६४ मीटर उंच पानवल पुलावर आणि मांडवी, झुआरी, शरावती या नद्यांवरच्या पुलांवर वायुवेगमापक बसवले आहेत. वारा मर्यादेपलीकडे गेला की गाड्यांवर निर्बंध येतात. तिथे निर्णय यंत्र आणि नियम घेतात, ५८० वर तो तुम्हाला घ्यायचा असतो.

म्हणून काय करायचं?

- निघण्याआधी खिंडीतल्या झोतांचा अंदाज बघा. सरासरी वेग १२ मीटर आणि झोत २० मीटर असेल, तर झोताचा जोर सरासरीच्या जवळजवळ पावणेतीन पट असतो.
- रिकामा ट्रक सकाळी परत करता आला तर एक दिवसाचं जादा भाडं द्या. ते स्वस्त पडतं.
- भरताना पुस्तकं, जातं, मिक्सर, धान्याचे डबे तळाशी ठेवा; गाद्या-उशा वर.
- वेग आधीच कमी करा. झोत आल्यावर जोरात ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगला हिसका देऊ नका. दोन्ही हातांनी, थोडं थोडं सावरा.
- रिकाम्या ट्रेलरच्या शेजारी रेंगाळू नका, विशेषतः वारा ज्या बाजूला वाहतो आहे त्या बाजूला. ओलांडायचं असेल तर जागा ठेवून ओलांडा, नाहीतर मागेच राहा.
- टपावरची रिकामी पेटी काढून ठेवा.

पुढच्या वेळी कोणी घर हलवायला मदतीला बोलावलं, तर ट्रक परत कोण आणणार आणि कधी, हे आधी विचारा. चावी शक्यतो दमलेल्या माणसाच्या हातात देऊ नका.