खेळातील दुखापत व आपले कर्तव्य

आजारी भिक्खूला आनंदासह स्वतः न्हाऊ घालून तथागतांनी रुग्णसेवेचा आदर्श घालून दिला. विंचूरच्या कबड्डी-खोखोच्या मैदानावर आम्ही पालक मात्र मुलाचा मुरगळलेला पाय चोळतो, ओढतो. हे थांबवावे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कोवळा भाग असतो. तो दुखावल्यास हाडाची वाढ खुंटू शकते. विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, बेताचा पट्टा व पाय उंचावर, एवढेच करावे. पाय टेकवत नसेल वा वाकडा दिसत असेल तर आधार देऊन दवाखान्यात न्यावे. डोक्याला मार लागून उलटी वा गुंगी आल्यास क्षणही दवडू नये. आमच्या रागाच्या भीतीने मुले दुखणे लपवितात. म्हणून आधी मायेने विचारावे. खेळापूर्वी अंग मोकळे करून घेणे व मैदानातील खडे वेचणे हीसुद्धा शुश्रूषाच होय.