फ्रिज घेण्यापूर्वी काय साठवायचे ते ठरवा

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. सकाळी तोडलेली पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते, दूध नासते. अशा वेळी फ्रिज घेण्याचा विचार होणे साहजिक आहे. परंतु दुकानात आपण रंग व दरवाजे पाहतो. त्यात काय ठेवायचे आणि घरी वीज किती तास असते, हे प्रश्न मागे राहतात.

घरगुती फ्रिजचे मुख्य प्रकार दोन. पहिला, वरच्या कप्प्यात बर्फ धरणारा साधा एकदारी फ्रिज (डायरेक्ट कूल). त्याची किंमत कमी असते, वीज बेताची लागते आणि वीज गेल्यावर साचलेला बर्फ काही काळ गारवा टिकवतो. बर्फ मात्र अधूनमधून वितळवावा लागतो. दुसरा, पंख्याने थंड हवा फिरवणारा (फ्रॉस्ट फ्री). यात बर्फाचा थर साचत नाही व सर्व कप्पे जवळपास सारखे थंड राहतात. पण उघडी ठेवलेली भाजी फिरत्या हवेने लवकर सुकते. चार-पाच माणसांचे कुटुंब, घरचे दूध आणि वीज वारंवार जाणारे गाव असल्यास १८० ते २०० लिटरचा साधा फ्रिज पुरेसा आहे, असे माझे मत आहे. खालच्या कप्प्यात पाण्याच्या दोन-तीन भरलेल्या बाटल्या कायम ठेवाव्यात. वीज गेल्यावर त्यांचाही आधार होतो. मोटारपंप सुरू झाले की अनेक गावांत दाब उतरतो, म्हणून फ्रिज किती व्होल्टपर्यंत चालतो ते विचारावे व गरज असल्यास स्टॅबिलायझर लावावा.

माहितीपुस्तिकेत हवामान वर्ग दिलेला असतो, तोही पाहावा. 'टी' वर्गाचे फ्रिज भोवतालच्या ४३ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे टिनाच्या खोलीत पारा त्यावर सहज चढतो. मग यंत्र सतत चालते, बिल वाढते आणि आतले दूध तरीही पुरेसे थंड होत नाही. फ्रिज घरातील सर्वात थंड खोलीत, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवावा.

काही शेतकरी बंधू जनावरांची लस व ट्रायकोकार्ड घरच्या फ्रिजमध्ये ठेवतात. येथे चूक महागात पडते. लाळ्या-खुरकूत व घटसर्पाची लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. ती एकदा गोठली की निकामी होते, पण बाटलीकडे पाहून ते नेहमी कळतेच असे नाही. जनावराला लस टोचली म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि साथ गोठ्यात शिरते. म्हणून लस मधल्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला टेकून किंवा दारात ठेवू नये. आत साधा थर्मामीटर ठेवावा. ट्रायकोकार्डही बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. कीटकनाशके मात्र खाण्याच्या फ्रिजमध्ये कधीही ठेवू नयेत.

विक्रीचा माल ठेवण्यासाठी मोठा फ्रिज घेणे मात्र परवडत नाही. केळी १३ अंशांखाली काळी पडतात. वांगी, काकडी व टोमॅटोलाही जास्त थंडी बाधते. आर्वी, आष्टी, कारंजा भागातील संत्र्यांना ६ ते ७ अंश तापमान व ९० ते ९५ टक्के आर्द्रता मिळाल्यास ती सुमारे दीड महिना टिकतात. पण ते काम शीतगृहाचे आहे.

दोन-चार दिवसांचा भाजीपाला ठेवण्यासाठी बांधावरचा शून्य ऊर्जा शीतकक्ष उपयोगी पडतो. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात तो विकसित केला. सावलीत १६५ × ११५ सें.मी. चा विटांचा ओटा करून त्यावर ६७.५ सें.मी. उंच दुहेरी भिंत बांधतात. दोन भिंतींतील ७.५ सें.मी. फटीत वाळू भरून सकाळ-संध्याकाळ ती भिजवतात आणि वर ओल्या गोणपाटाचे झाकण घालतात. सुमारे १०० किलो माल मावतो.

याचे तत्त्व आपल्या कूलरचेच आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते व गारवा चांगला मिळतो. ऑगस्टच्या दमट हवेत कूलरप्रमाणेच हा कक्षही फारसा चालत नाही. त्यामुळे पावसाळ्यात त्यावर विसंबून जादा तोडणी करू नये. बाजाराच्या दिवशी पहाटेच माल तोडावा.