ड्रायव्हरदादा, आधी झोप पूर्ण करा

पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार ट्रकचालकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. डिझेल वाचावे म्हणून काही जण इथे गाडी न्यूट्रलवर सोडतात, तर काही जण चक्क इंजिन बंद करतात. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव संपतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. इंजिन बंद असेल तर ब्रेकच्या टाकीत हवा भरत नाही, स्टेअरिंगही जड होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकने एकापाठोपाठ अनेक गाड्या ठोकरल्या.

चालकाला हा धोका माहीत असतो. तरीही तो असे का करतो? डिझेलचे पैसे आज सुटतात, अपघात मात्र रोज होत नाही. दहा वेळा काही झाले नाही की अकराव्या वेळी भीती वाटेनाशी होते. दंडाचा धाकही पोलीस दिसेपर्यंतच टिकतो.

त्यात झोप अपुरी असेल तर सारासार विचार आणखी ढळतो. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पण जागरण कोणत्याही नाक्यावर फुंकून कळत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी ६५ मीटरहून जास्त अंतर चालकाविना जाते.

म्हणून माझा सल्ला असा:

• रोज सात तास झोप घ्या. पहाटे २ ते ५ या वेळेत शक्यतो गाडी चालवू नका.
• जांभया येऊ लागल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर आठवेनासे झाले, तर सुरक्षित जागी गाडी लावा. चहा घ्या आणि लगेच २० मिनिटे झोपा. नुसत्या चहाने झोप भागत नाही.
• जागे राहण्याच्या गोळ्या घेऊ नका. सर्दी-खोकल्याच्या औषधाने झोप येते का, हे डॉक्टरांना विचारा.
• जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा पेंग येत असेल, तर तपासणी करून घ्या. हा झोपेचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.
• उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका.

वहिनी, दादांचे घोरणे तुमच्याच कानावर पडते. त्यांना दवाखान्यात घेऊन जा. मालकांनाही सांगणे आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कामाला दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती, ती उगाच नव्हती. माल वेळेत पोहोचवण्यासाठी चालकाची झोप मोडू नका. लांबच्या फेरीला दुसरा चालक द्या.