आज्ञा आणि विवेक

संगणक हे मोठे आज्ञाधारक यंत्र आहे. सांगितलेले काम ते क्षणार्धात करते. थकत नाही, कंटाळत नाही की कुरकुरत नाही. आगगाडीचे तिकीट, बँकेतील ठेवींचा हिशेब, विजेचे देयक, रुग्णालयातील तपासणी अशी कितीतरी कामे आज त्याच्या हाती सोपविलेली आहेत. परंतु हा सेवक जितका आज्ञाधारक, तितकाच भोळाही आहे. आज्ञा शहाणपणाची आहे की वेडेपणाची, याची त्याला पारख नसते. म्हणून त्याला द्यावयाच्या आज्ञा क्रमवार आणि बिनचूक लिहाव्या लागतात. अशा आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली किंवा प्रोग्रॅम असे म्हणतात, आणि संगणकाच्या साऱ्या आज्ञावल्यांना मिळून सॉफ्टवेअर हे नाव आहे.

आरंभीच्या काळी आज्ञावली तयार करणे हे फार कष्टाचे काम होते. चंद्राकडे झेपावणाऱ्या अमेरिकेच्या अपोलो यानांतील संगणकाची आज्ञावली तर अक्षरशः विणली जात असे. कारखान्यातील कुशल स्त्रिया बारीक तार लहान लहान चुंबकीय कड्यांतून ओवीत. तार कड्यातून गेली म्हणजे १ आणि कड्याच्या बाहेरून गेली म्हणजे ०, असा तो संकेत होता. एकदा विणलेले उसवून पुन्हा विणणे अत्यंत खर्चाचे आणि वेळखाऊ होते. त्यामुळे विणकाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक आज्ञेचा दहा वेळा विचार होई.

या यानांच्या आज्ञावलीचे काम मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत चाले. तेथील पथकाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन या विदुषी होत्या. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी काम असले, म्हणजे त्या आपल्या लहान मुलीला बरोबर नेत. एके दिवशी त्या मुलीने यानाच्या प्रतिकृतीतील कळा खेळता खेळता दाबल्या आणि सारी यंत्रणा एकाएकी कोलमडली. यान उड्डाणात असताना तिने उड्डाणापूर्वीची आज्ञावली सुरू केली होती. कोणा आईने मुलीला रागे भरून तो विषय तेथेच सोडला असता. हॅमिल्टनबाईंच्या मनात मात्र निराळाच प्रश्न उभा राहिला : अंतराळात एखाद्या अंतराळवीराकडून हेच झाले तर? अशी चूक संगणकाने स्वीकारूच नये, यासाठी आज्ञावलीत तरतूद करावी, असे त्यांनी सुचविले. अंतराळवीर उत्तम शिकलेले असतात, ते अशी चूक करणार नाहीत, असे सांगून वरिष्ठांनी ती सूचना नाकारली.

पुढे डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ हे यान चंद्राला प्रदक्षिणा घालून परतीच्या वाटेवर असताना जिम लॉव्हेल या निष्णात अंतराळवीराकडून नेमकी तीच चूक घडली. यान जमिनीवरच उभे आहे, असा संगणकाचा समज झाला आणि आपण कोठे आहोत व कोणत्या दिशेने तोंड करून आहोत, याची त्याच्याजवळची माहिती पुसली गेली. ताऱ्यांचे वेध घेऊन आणि भूमीवरील अभियंत्यांच्या साहाय्याने ती माहिती पुन्हा भरण्यात आली, व यान सुखरूप परतले. एका बालिकेच्या खेळातून भावी संकट ओळखणारी ती दृष्टी म्हणजेच अभियंत्याचा विवेक होय.

हा विवेक जागा नसला म्हणजे काय घडते, याचेही उदाहरण इतिहासात आहे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियाना या प्रदेशातील कुरू येथून युरोपीय राष्ट्रांचा एरियान ५ हा नवा अग्निबाण प्रथमच आकाशात झेपावला. त्यावर चार वैज्ञानिक उपग्रह होते. उड्डाण अगदी डौलदार झाले. परंतु सुमारे चाळीस सेकंदांतच तो भव्य अग्निबाण एकाएकी वाकडा वळला, मोडला आणि आकाशातच त्याचा स्फोट झाला. अनेक वर्षांचे परिश्रम डोळ्यांदेखत नष्ट झाले.

चौकशीअंती जे आढळले, ते मोठे विचार करावयास लावणारे होते. अग्निबाणाची दिशा व गती मोजणाऱ्या संगणकातील आज्ञावली आधीच्या एरियान ४ या अग्निबाणाकडून जशीच्या तशी घेतली होती. तेथे तिने उत्तम काम केले होते, म्हणून ती येथेही चालेल असे सर्वांनी गृहीत धरले. परंतु नव्या अग्निबाणाची आडवी गती जुन्यापेक्षा पुष्कळ अधिक होती. त्या गतीशी निगडित असलेली एक संख्या ज्या जागेत साठवावयाची होती, तेथे ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नव्हती. संख्या मोठी झाली, जागा अपुरी पडली आणि संगणक बंद पडला. अडचणीच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून दुसरा संगणक ठेवलेला होता खरा. पण त्यातही तीच आज्ञावली असल्यामुळे तोही तसाच बंद पडला. अधिक दुःखाची गोष्ट अशी, की ज्या गणितामुळे हा अनर्थ ओढवला, त्याची नव्या अग्निबाणाला उड्डाणानंतर मुळीच गरज नव्हती! तेथे कोणतेही यंत्र मोडले नव्हते. संगणकाने आज्ञा तंतोतंत पाळली होती. आयती मिळालेली आज्ञावली येथे लागू पडते काय, हा एक प्रश्न तेवढा विचारावयाचा राहून गेला होता.

आता काळ पालटला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने स्वतःच आज्ञावली लिहू लागली आहेत. २०२१ साली गिटहब कोपायलट आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी ही साधने लोकांसमोर आली, व त्यानंतर अशी आणखी कितीतरी निघाली. माणसांनी लिहून ठेवलेला अफाट मजकूर आणि असंख्य आज्ञावल्या यांच्या अभ्यासातून, कशापुढे काय येण्याचा संभव अधिक आहे, हे ती शिकलेली असतात. आपल्याला काय हवे ते साध्या भाषेत सांगावे, की शेकडो ओळींची आज्ञावली काही क्षणांत समोर येते. पूर्वी ज्या कामास आठवडा लागे, ते कधी कधी एका दुपारी उरकते. कंटाळवाण्या कामाचा भार हलका होतो आणि नवशिक्यालाही आपली कल्पना करून पाहता येते. हे साधन टाकाऊ आहे, असे कोणीही म्हणणार नाही.

तथापि, आज्ञावली सुबक दिसते म्हणून ती योग्यच असते, असे मात्र नाही. एका शाळेतील प्रसंग कल्पावा. गुरुजींनी अशा साधनाकडून गुणांची सरासरी काढण्याची आज्ञावली लिहून घेतली. एका गटातील चार विद्यार्थ्यांना ६०, ७०, ८० आणि ५० गुण मिळाले होते. पाचवा तापाने अंथरुणावर असल्यामुळे त्याची जागा कोरी होती. आज्ञावलीने कोऱ्या जागी शून्य धरले, २६० ला ५ ने भागले आणि ५२ हे उत्तर दिले. परीक्षेस बसलेल्या चौघांचीच सरासरी काढली असती, तर ती ६५ आली असती. भागाकार दोन्हीकडे बरोबर आहे. पण ६० हून कमी सरासरी असलेल्या गटाने जादा तासाला थांबावे, असा शाळेचा नियम असेल, तर तो गट विनाकारण थांबेल. गैरहजर विद्यार्थ्याचे काय करावयाचे, हे यंत्राला कोणी सांगितले नव्हते, आणि यंत्रानेही ते विचारले नाही.

यावर कोणी म्हणेल, की मग ती आज्ञावली तपासण्याचे कामही यंत्रालाच सांगावे. यंत्र चाचणी लिहून देईल, आणि तिच्यातून काही दोष सापडतीलही. परंतु कोरी जागा म्हणजे शून्य, हाच समज त्या चाचणीत उतरला, तर ती ५२ हे उत्तर बरोबरच ठरवील. एरियानमधील दुसरा संगणक पहिल्याच्या मदतीला का येऊ शकला नाही, हे येथे आठवावे. दोघांची समजूत एकच चुकीची असेल, तर दुसऱ्याच्या साक्षीला किंमत राहत नाही.

आणखी एक अडचण आहे. आज्ञावली लिहिण्याचा वेग पुष्कळ वाढला, तरी ती समजून घेऊन वाचण्याचा माणसाचा वेग फारसा वाढलेला नाही. घरात धान्याची पोती भराभर येऊन पडू लागली आणि निवडणारे हात मात्र तेवढेच राहिले, तर खडे पिठात जाणारच. न वाचलेली आज्ञावली अशीच साचत जाते. आज ती चालते. पण उद्या ती बंद पडली, म्हणजे दोष कोठे आहे, हे सांगणारा कोणी सापडत नाही.

मग हे खडे ओळखणारी नजर येते कोठून? ती विकत मिळत नाही. वाण्याच्या दुकानातील साधी गोष्ट पाहावी. ४८ रुपये किलोचे अडीच किलो तांदूळ घेतले आणि गणकयंत्रावर दशांशचिन्ह दाबावयाचे राहिले, तर यंत्र १२०० रुपये दाखविते. ज्याला अडीचकी पाठ आहे, तो हसून म्हणतो, "अहो, एकशेवीस होतात!" ज्याने कधी तोंडी हिशेब केलाच नाही, तो बाराशे रुपये मागून मोकळा होतो. पाढे पाठ करणे म्हणजे यंत्राशी वैर करणे नव्हे. यंत्र चुकीच्या वाटेने गेले, तर त्याला अडविण्याचे सामर्थ्य मिळविणे होय.

आज्ञावलीचेही तसेच आहे. स्वतः लिहावी, ती चुकावी, चूक शोधता शोधता रात्र सरावी आणि अखेर एका लहानशा चिन्हापाशी ती सापडावी, अशा अनुभवांतून अभियंत्याची नजर घडते. नव्या पिढीने हा अभ्यास वगळून केवळ आयत्या आज्ञावल्या स्वीकारावयाचे ठरविले, तर आजचे जाणते अभियंते निवृत्त झाल्यावर यंत्राचे लेखन तपासणार कोण, हा प्रश्न उरतो. म्हणून शिकणाऱ्याने प्रथम स्वतः प्रयत्न करावा, नंतर यंत्राचे उत्तर पाहावे आणि त्यातील प्रत्येक ओळीचा अर्थ आपल्याला सांगता येतो की नाही, याची परीक्षा घ्यावी. ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही, ती ओळ तोवर आपली मानू नये.

आज्ञा लिहिण्याचे श्रम आज कमी झाले आहेत. पण त्या आज्ञेवर ज्यांचे पैसे, प्रवास आणि प्राण अवलंबून आहेत, त्यांच्याविषयीची जबाबदारी पूर्वीइतकीच मोठी आहे. ती यंत्राकडे सोपविता येत नाही. कारण झालेल्या हानीचे यंत्राला दुःख नसते. अपोलोच्या प्रयोगशाळेत एका लहान मुलीने कळा दाबल्या, तेव्हा तिच्या आईने विचारलेला प्रश्न म्हणूनच आजही तितकाच मोलाचा आहे. समोर आयते उत्तर आले, की क्षणभर थांबून प्रत्येकाने स्वतःला विचारावे : असे झाले तर?

अभ्यास

१. अपोलो यानांची आज्ञावली विणण्यापूर्वी तिचा पुन्हा पुन्हा विचार का होत असे?
२. हॅमिल्टनबाईंची सूचना वरिष्ठांनी कोणत्या कारणाने नाकारली? ते कारण अपुरे होते, हे कोणत्या घटनेने सिद्ध झाले?
३. एरियान ५ मधील दुसरा संगणक उपयोगी का पडला नाही? या गोष्टीचा गुणांच्या सरासरीच्या उदाहरणाशी संबंध दाखवा.
४. 'खडे पिठात जाणारच' या शब्दांतून काय सुचविले आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.
५. यंत्राने दिलेले एखादे उत्तर तुम्हाला चुकीचे वाटले, असा प्रसंग आठवून आठ-दहा ओळी लिहा. ते चुकीचे आहे, हे तुम्ही कसे ओळखले?