रिकॉल म्हणजे गाडी परत नव्हे

प्रश्न : आमच्या आयोनिक ५ ला रिकॉल आहे, असा डीलरचा फोन आला. नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करणार म्हणे. गाडीच सदोष आहे का? रेंज घटेल?
– एक वाचक, चेन्नई

उत्तर : घाबरू नका, ही मोफत दुरुस्ती आहे. जून २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ तपासणीसाठी बोलावल्या. दोष आयसीसीयू या चार्जिंग युनिटचा. ते बिघडलं की १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते. दोष मोठ्या बॅटरीत नाही, तेव्हा रेंजची चिंता सोडा. मात्र जळालेला भाग सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. युनिट तपासूनच घ्या, खराब निघालं तर बदलून मागा, आणि जॉबकार्डवर तशी नोंद हवीच. नंतरही चालवताना इशारा दिसला, तर गाडी रस्त्याकडेला घ्या आणि मदत बोलवा. ‘घरापर्यंत जाईल’ म्हणत ओढू नका.