पंडिता रमाबाईंची सेवा

संस्कृत विद्येमुळे पंडिता रमाबाईंचे नाव सर्वत्र गाजले. परंतु त्यांच्या श्रद्धेची खरी ओळख त्यांच्या सेवेतूनच पटते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना तरुणपणीच दुष्काळाने आईवडिलांपासून व थोरल्या बहिणीपासून दूर केले. भूक काय असते, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

१८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुली आणि विधवा यांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावी ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. तेथे प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, छपाई ही कामेही शिकविली जात. अंध स्त्रियांनाही ब्रेल लिपी शिकविण्यात येई. काल जिला कोणाचाच आधार नव्हता, ती आज श्रमाची भाकरी खाऊ लागली. रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतरही केले. १९२२ साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, श्रद्धा केवळ ओठांवर नसावी. ती हातांतूनही दिसावी, हेच त्यांचे जीवन आपणांस सांगते.

अभ्यास : दुष्काळपीडितांचे दुःख रमाबाईंना विशेष का जाणवले असेल?