बोट कुणाचं, करंट किती?

मिरज

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र आणि डब्याचा फोटो मिळाला. नात आपल्यासाठी गोळ्यांची आठवण करून देणारं यंत्र बनवतेय, हे आजी दोन दिवस येईल त्याला सांगते आहे. त्यामुळे आता ते चालायलाच हवं.

फोटो भिंग लावून पाहिला. बझर, घड्याळाचं मॉड्यूल, नॅनो बोर्ड, सगळं विचार करून निवडलंयस. स्विच मात्र पाकिटातून हाताला लागले ते. टॅक्ट स्विचचं, म्हणजे दाबायच्या इवल्या बटणांचं, अख्खं पाकीट स्वस्तात मिळालं, म्हणून डबा चालू करायला तेच, ‘गोळी घेतली’ हे सांगायला तेच आणि आवाज हवा की दिवा हे ठरवायलाही तेच! एकाच मापाच्या चपला घरातल्या सगळ्यांना आणाव्यात, तसं झालं हे. स्विच घेताना दोनच प्रश्न विचारायचे: त्यातून करंट किती जाणार आणि त्यावर बोट कुणाचं पडणार? किंमत त्यानंतर बघ.

पहिला प्रश्न मी एकदा विचारला नाही. एका शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचा स्विच गेला होता. हाताशी होता तो छोटा स्लाइड स्विच मी बसवून दिला. बॅटरी तर १२ व्होल्टची, काय होतंय! तिसऱ्या दिवशी गडी पंप घेऊन दारात उभा. स्विच बंदवर आणि पंप सुरूच. उघडून पाहिलं तर आतली पत्री वितळून चिकटलेली. स्लाइड स्विच जेमतेम अर्ध्या अँपिअरचा आणि मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. व्होल्ट पाहिले, अँपिअर पाहिले नाहीत. पैसे परत केले आणि वर पंपही दुरुस्त करून दिला.

छोट्या टॉगलवर ‘३ अँपिअर, २५० व्होल्ट’ असं छापलेलं दिसेल. तो आकडा एसीचा असतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी तिथल्या तिथे विझते. बॅटरीचा प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी रेंगाळते आणि कॉन्टॅक्ट खाते. म्हणून डीसीसाठी व्होल्टची मर्यादा फार खाली असते, ती वेगळी बघायची. टॉगलचा ‘टक’ हाही शोभेचा नाही. बोट सावकाश सरकलं तरी आतली स्प्रिंग कॉन्टॅक्ट झटक्यात तोडते. ही युक्ती न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये काढली, ती अजून चालते आहे.

मग सगळीकडे दणकट स्विचच लावावा, असं तुला वाटेल. तसंही नाही. मोठ्या स्विचचे कॉन्टॅक्ट बहुधा चांदीचे. आजीचे पैंजण पेटीत पडून काळे झाले होते आठवतंय? कॉन्टॅक्टही तसेच काळवंडतात. मोठा करंट तो थर जाळून वाट काढतो. तुझ्या बोर्डाच्या बटणातून १० के रेझिस्टरमुळे जातो अर्धा मिलिअँपिअर. तो त्या थरापाशीच अडतो आणि सहा महिन्यांनी बटण कधी लागतं, कधी लागत नाही. असल्या नाजूक कामाला टॅक्ट स्विचच बरा, किंवा सोन्याचा मुलामा असलेला.

आता तुझे तीन स्विच. डबा चालू-बंद करायला स्लाइड, तोही मागच्या बाजूला खोलगट बसव, म्हणजे पुसताना फडक्याने बंद होणार नाही. आवाज की दिवा यासाठी छोटा टॉगल. मधल्या पायाला प्रवाह, एका बाजूला बझर, दुसऱ्या बाजूला दिवा. दांडी वर की खाली, हे आजीला चष्म्याशिवायही हाताने कळेल. शिवाय त्याला ६ मिलिमीटरचं गोल भोक पुरतं. रॉकर दिसतो छान, पण त्याचं चौकोनी भोक कानशीने घासता घासता पहिला डबा हमखास फुकट जातो.

राहिलं ‘गोळी घेतली’चं बटण. ते न दाबताच लागतंय, असं तू लिहिलंस. टॅक्टच्या चार पायांपैकी दोन-दोन आतून कायमचे जोडलेले असतात. तुझा स्विच काटकोनात फिरलाय. तिरके समोरासमोरचे दोन पाय घे, मग कसाही बसला तरी चुकत नाही. एकदा दाबलं की डबा तीन गोळ्या मोजतो, ते मात्र स्विच बिघडल्यामुळे नव्हे. पत्री टेकताना काही मिलिसेकंद थडथडते आणि तुझा बोर्ड प्रत्येक उडी मोजतो. प्रोग्रॅममध्ये ५० मिलिसेकंद थांबलीस की धातूची थडथड संपते. पण आजीचं बोटही थरथरतं, ती नकळत दोनदा दाबते. म्हणून एक नोंद झाली की पुढची दहा मिनिटं ते बटण बहिरं ठेव. औषधाचा हिशेब आहे, खेळातले गुण नव्हेत.

आणि ६ मिलिमीटरचं ते हरभऱ्याएवढं बटण तिच्यासाठी नकोच. संधिवाताने तिची बोटं वाकली आहेत, ती अंगठ्याच्या पेराने दाबते. १२ मिलिमीटरचा टॅक्ट घे, वर गोल रंगीत टोपी बसणारा. तपकीर गल्लीत स्विच घ्यायला जाशील तेव्हा डब्याचं झाकण आणि मल्टिमीटर सोबत ने. प्रत्येक जातीचे तीन-तीन घे, सोल्डर करताना एखादा वितळतोच. आणि घरच्या २३० व्होल्टच्या लाइनला इतक्यात हात लावायचा नाही, हे तुझ्या आईसमोर कबूल कर.

झाकण चिकटवू नकोस, स्क्रूवरच ठेवून इकडे घेऊन ये. आजीला काही न शिकवता बटण दाबायला दे. दाबून तिने तुझ्या तोंडाकडे पाहून ‘लागलं का गं?’ असं विचारलं, तर स्क्रू काढ आणि स्विच बदल. काही न विचारता ती पाण्याचा पेला उचलायला वळली, तर मग झाकण चिकटव.

तुझा,
मामा